चारी चाकांच्या ट्रकचा दुसरा जन्म

यंत्रांचा इतिहास लिहितांना आपण बहुधा दोन ठिकाणीं थांबतों: ज्यानें यंत्र शोधून काढलें त्याच्या दाराशीं, आणि ज्या कारखान्यांतून तें हजारोंनीं निघालें त्या कारखान्याच्या फाटकाशीं. फाटकाबाहेर पडल्यावर त्या यंत्राचें पुढें काय झालें, तें कोणाच्या हातीं गेलें, किती वेळां मोडलें आणि किती वेळां पुन्हां उभें राहिलें, हें सांगण्याची इतिहासकाराला फारशी गरज वाटत नाहीं. बारशाचें वर्णन करून एखाद्याचें चरित्र संपवावें, तसाच हा प्रकार आहे. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या बाबतींत तर असला इतिहास अगदींच अपुरा पडतो. तें यंत्र म्हणजे इंजिनाची शक्ति चारी चाकांना पोंचविणारा लहान मालवाहू ट्रक. व्यवहारांत ज्याला फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप म्हणतात तो. याचा जन्म दुरुस्तीच्या दुकानांत झाला, याचा प्रसार फेरफार करणाऱ्या कारागिरांनीं केला, आणि म्हातारपणीं याला जगविलें तेंहि मिस्त्र्यांनींच.

जुन्या साध्या ट्रकांत इंजिनाची शक्ति केवळ मागच्या चाकांना मिळे. पुढचीं चाकें वाट दाखवीत व ओझें वाहत. रस्ता कोरडा आणि टणक असला म्हणजे एवढ्यानें भागतें. चिखलांत, वाळूंत किंवा बर्फांत मात्र मागचीं चाकें जागच्या जागीं गरगरूं लागतात, आणि पुढचीं चाकें मदत करण्याऐवजीं अडसर होऊन बसतात. मग पुढच्यांनाहि कामाला कां लावूं नये? हॉलंडांतील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं तशी एक शर्यतीची मोटार बनविलीहि होती. परंतु या विचाराच्या वाटेंत दोन अडचणी आहेत. आणि त्या नीट ध्यानांत घेतल्या पाहिजेत, कारण पुढचा सारा इतिहास त्यांच्याभोंवतीं फिरतो.

पहिली अडचण अशी कीं, पुढचें चाक फिरतें तसें तें वळतेंहि. तेव्हां त्याला शक्ति देणारा दांडा मध्येंच वांकूं शकला पाहिजे. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखला जाणारा साधा सांधा यासाठीं वापरला आणि तो ३० अंशांनीं वांकला, तर एकाच फेऱ्यांत चाकाची गति सुमारें १३ टक्क्यांनीं मंदावते आणि सुमारें १५ टक्क्यांनीं वाढतेहि. याचे हिसके चालकाच्या मनगटाला बसतात. दुसरी अडचण अशी कीं, वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठें वर्तुळ काढतात. पुढचा व मागचा अॅक्सल जर एकमेकांशीं घट्ट बांधले असतील, तर कोणत्या तरी चाकाला घसरावेंच लागतें. चिखल ही घसरण आनंदानें देतो. कोरडी सडक देत नाहीं, आणि मग तो ताण दांड्यांत व गिअरच्या दांत्यांत सांठत जातो.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत क्लिंटनव्हिल नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें ऑटो झॅको आणि विल्यम बेसरडिच हे दोघे मेहुणे यंत्रकामाचें दुकान चालवीत. पुढच्या चाकाशीं गोल कोशांत बसविलेल्या सांध्याची युक्ति झॅको यांनीं काढली आणि १९०८ सालीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. पुढें याच गांवांत चारी चाकांचे ट्रक बनविणारी कंपनी उभी राहिली. या शोधाच्या मागें विद्यापीठ नव्हतें कीं मोठें भांडवल नव्हतें. रोज मोडकीं यंत्रें हाताळणाऱ्या माणसांचा तो शोध होता.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि फ्रान्सच्या चिखलानें या कल्पनेची परीक्षा घेतली. क्लिंटनव्हिलच्या ट्रकाबरोबर केनोशा येथील जेफ्री कंपनीचा ‘क्वाड’ हा ट्रकहि तेथें गेला. १९१३ मध्यें निघालेल्या या क्वाडचीं चारी चाकें ओढीत, इतकेंच नव्हे तर चारी वळतहि. पुढें ही कंपनी चार्लस नॅश यांच्याकडे गेली आणि १९१८ या एका वर्षांत अकरा हजारांहून अधिक क्वाड तयार झाले. युद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी ट्रकांचें करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकन सरकारनें त्यांतले हजारों ट्रक निरनिराळ्या राज्यांच्या सडक-खात्यांना देऊन टाकले. तोफखान्याचे ट्रक खडी वाहूं लागले, नांगरासारखा फाळ पुढें लावून बर्फ सारूं लागले. चारी चाकांच्या ट्रकचा हा पहिला पुनर्जन्म होय.

दोन युद्धांच्या मधल्या काळांत मात्र हा ट्रक महागडा व विरळाच राहिला. मोठे कारखाने साधे ट्रक लाखोंनीं काढीत. चिखलांतल्या थोड्या गिऱ्हाइकांची त्यांना पर्वा नव्हती. ही उणीव इंडियानापोलिसच्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीनें भरून काढली. १९३५ पासून ही कंपनी फोर्डचे तयार ट्रक घेई, पुढचा मूळ अॅक्सल काढून शक्ति घेणारा अॅक्सल त्या जागीं बसवी, आणि गिअरबॉक्सच्या मागें ट्रान्सफर केस जोडी. ट्रान्सफर केस म्हणजे शक्तीची वांटणी करणारी पेटी. गिअरबॉक्समधून आलेली शक्ति ती पुढें व मागें अशी दोहींकडे पाठविते, आणि चढावासाठीं व चिखलासाठीं बहुधा तिच्यांत एक जादा मंद गिअरहि असतो. दुसऱ्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या गाडींत विचारपूर्वक फेरफार करणें, हाच या कंपनीचा व्यवसाय होता.

दुसऱ्या महायुद्धानें सर्व प्रमाणच पालटून टाकलें. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या बँटम या लहान कंपनीनें कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या मदतीनें ४९ दिवसांत नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजीं लष्कराच्या स्वाधीन केला. तीच पुढें जीप झाली. विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या. डॉज कंपनीचे अर्ध्या व पाऊण टनाचे चारी चाकांचे ट्रकहि याच काळांत मोठ्या संख्येनें निघाले.

या अफाट संख्येपेक्षांहि एक गोष्ट महत्त्वाची होती. विलिसची जीप आणि फोर्डची जीप एकाच आराखड्यावरून बनत असल्यामुळें एकीचा भाग दुसरीला बसे. फोर्ड आपल्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धां, ‘एफ’ हें अक्षर उठवी. आज एखादी जुनी जीप उघडली तर कांहीं बोल्टांवर तें अक्षर आढळतें आणि कांहींवर नाहीं. कारण रणांगणावरच्या कार्यशाळेंत हातीं लागेल तो भाग बसविला जाई. मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करणें हा तेथला नित्यक्रम होता. दुरुस्तीची सोय ही अशी आराखड्यांतच जन्माला यावी लागते. मागाहून ती उपदेशानें उत्पन्न होत नाहीं.

युद्ध संपलें आणि या गाड्या शेतांवर, अरण्यांत व खाणींवर गेल्या. डॉज कंपनीनें काळाची पावलें ओळखून १९४६ सालीं आपला लष्करी ट्रक नागरी वेषांत बाजारांत आणला. त्याचें नांव ‘पॉवर वॅगन’. २३० घन इंचांचें सहा सिलिंडरांचें इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांत १२६ इंचांचें अंतर, आणि करवत, पंप किंवा दोर ओढण्याची विंच चालविण्यासाठीं इंजिनाची शक्ति बाहेर घेण्याची सोय, असा त्याचा थाट होता. हा मूळ घाटाचा ट्रक अमेरिकेंतील गिऱ्हाइकांसाठीं १९६८ पर्यंत निघत होता. लष्करांतून निवृत्त झालेल्या शिपायानें गांवीं येऊन शेती करावी, तसें त्याचें जीवन होतें.

परंतु रणांगणावर जें दिसलें नव्हतें, तें आतां दिसूं लागलें. शेतकऱ्याची जीप दिवसांतला बराच वेळ चांगल्या सडकेवर धांवे. ट्रान्सफर केसमधून पुढच्या अॅक्सलची शक्ति तोडली तरी पुढचीं चाकें आपल्या बरोबर अॅक्सलचे दांडे, डिफरन्शियलचे गिअर आणि लांब शाफ्ट उलट फिरवीतच राहत. काम कांहींच नाहीं, आणि झीज, आवाज व इंधनाचा खर्च मात्र चालू. यावर १९४८ सालीं सिएटलकडच्या आर्थर वॉर्न यांनीं उपाय काढला. त्यांनीं चाकाच्या तुंब्यांतच असा भाग बसविला कीं, हवें तेव्हां चाक अॅक्सलच्या दांड्यापासून सोडवावें आणि चिखल आला कीं पुन्हां जोडावें. सडकेवर सारा पुढचा लवाजमा विश्रांति घेई. हा बदल कारखान्याला सुचला नव्हता. तो जुन्या लष्करी गाड्या रोज वापरणाऱ्यांच्या गरजेंतून निघाला. पुढें अनेक मोठ्या कारखान्यांनीं असेच तुंबे आपल्या नव्या गाड्यांना बसविले.

हीच गोष्ट पिकअप ट्रकची. मिनियापोलिसची नॅप्को कंपनी शेव्हरोलेट आणि जी.एम.सी. ट्रकांसाठीं चारी चाकांच्या चालनेचा संपूर्ण संच विके. साधा ट्रक घ्यावा आणि संच जोडून चारी चाकांचा करावा. १९५७ सालीं हा संच कारखान्यांतच बसवून मिळूं लागला, आणि १९६० सालीं शेव्हरोलेटनें स्वतःची रचना काढली. फोर्डनें १९५९ मध्यें हें काम स्वतःकडे घेतलें. तोंवर ज्याला चारी चाकांचा फोर्ड पाहिजे असे, त्याला मार्मन-हेरिंग्टनसारख्या फेरफार करणाऱ्यांकडेच जावें लागे. म्हणजे ज्या कल्पनेला कारखान्यांनीं वीस-पंचवीस वर्षें दारांत उभें केलें नाहीं, ती कार्यशाळांनीं पोसून मोठी केली. इंग्लंडांतहि मॉरिस विल्क्स हे अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर युद्धांतून उरलेली जीप वापरीत. तिच्या अनुभवांतून, आणि पहिला नमुना जीपच्याच भागांवर उभारून, १९४८ सालीं लँड रोव्हर जन्मास आली. फिलिपाइन्समध्यें अमेरिकनांनीं मागें ठेवलेल्या जीपा लांबवून, छत घालून लोकांनीं ‘जीपनी’ ही प्रवासी गाडी केली.

आपल्या मुंबईचा या इतिहासाशीं संबंध आहे. १९४५ सालीं स्थापन झालेली महिंद्र आणि महंमद ही कंपनी १९४८ मध्यें महिंद्र आणि महिंद्र झाली. स्वातंत्र्याच्या सुमाराच्या त्या वर्षांत सुट्या भागांच्या रूपानें आलेल्या विलिस जीपांची जुळणी माझगांव येथें होऊं लागली. पुढें जीप येथेंच बनूं लागली, आणि अमेरिकेंत बंद पडलेले नमुने येथें कित्येक वर्षें निघत राहिले. पेट्रोल महाग झालें तशी तिच्यांत ट्रॅक्टरच्या घराण्यांतलें डिझेल इंजिन आलें. आणि जें कारखान्यानें केलें तेंच जुन्या पेट्रोल जीपांच्या बाबतींत गांवोगांवच्या मिस्त्र्यांनींहि केलें. पश्चिम महाराष्ट्रांत ज्या धंद्याला ‘वडाप’ म्हणतात, त्यांत जीपच्या मागच्या भागाला बाकें लावून एस.टी. न पोंचणाऱ्या वाड्यावस्त्यांवरचीं माणसें बाजाराला व दवाखान्याला पोंचलीं. गाडी चालती ठेवणें हा तेथें छंद नव्हता; त्यावर घर चालत असे.

आतां दुरुस्तीकडे वळूं. जुन्या चारी चाकांच्या ट्रकची खरी परीक्षा पुढच्या अॅक्सलच्या टोंकाशीं होते. तेथें एक पोकळ लोखंडी गोळा असतो. त्याच्या वर व खालीं बसविलेल्या बेअरिंगांवर चाकाचा आधार वळतो, आणि गोळ्याच्या आंत तो वांकणारा सांधा ग्रीसमध्यें फिरत असतो. सांधा व डिफरन्शियल यांच्यामध्यें एक ऑइल सील असतें. तें झिजलें कीं डिफरन्शियलचें पातळ तेल गोळ्यांत येतें, ग्रीस विरघळवितें, आणि बाहेरच्या नमद्याच्या कडीमधून काळा ओघळ चाकावर उतरतो. घाईचा कारागीर बाहेरची कडी बदलतो व पैसे घेतो. महिन्याभरांत ओघळ परत येतो, कारण दुखणें आंत आहे. त्याहून जाणता कारागीर आंतलें सील बदलतो. आणि खरा जाणता कारागीर याच्याहि पलीकडे पाहतो. अॅक्सलच्या पाठीवर हवा जाण्यायेण्यासाठीं एक बारीक तोटी असते. ती चिखलानें बुजली असेल, तर चालून तापलेल्या अॅक्सलमधील हवा फुगते आणि तेलाला सीलबाहेर ढकलते. असा तापलेला अॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यांत उतरला, तर आंतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधासारखें होतें व बेअरिंगें गंजतात. दोन पैशांची तोटी साफ न केल्यामुळें सारा अॅक्सल जातो. वैद्यकांत लक्षण व कारण यांत जो भेद करतात, तोच येथें आहे.

गोळा पुन्हां जुळवितांनाहि संयम लागतो. बेअरिंगांखालीं पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. वरच्या चकत्या वर व खालच्या खालींच गेल्या पाहिजेत, नाहींतर आंतला सांधा मध्यावर राहत नाहीं. बेअरिंग किती आवळलें हें अंदाजानें ठरवावयाचें नसतें. सुकाणूच्या भुजेला ताणकांटा अडकवून ती किती जोरानें हलते तें मोजावयाचें असतें. फार सैल राहिलें तर वेगांत पुढचीं चाकें थरथरूं लागतात, आणि घाटांतल्या उतारावर ती थरथर जिवावर बेतते.

दुरुस्तीपेक्षां फेरफार अधिक मोहक असतो, आणि म्हणूनच तो अधिक हिशेबानें करावा लागतो. पुष्कळांना जुना ट्रक उंच व मोठ्या टायरांवर पाहावयास आवडतो. समजा, २८ इंच व्यासाचे टायर काढून ३३ इंचांचे घातले. व्यास पांच इंचांनीं वाढला, पण अॅक्सल जमिनीपासून अडीच इंचच उचलला गेला. आतां चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत गाडी सुमारें १८ टक्के अधिक अंतर जाते. म्हणून वेगदर्शकाचा कांटा ६० दाखवितो तेव्हां खरा वेग सुमारें ७१ असतो. इंजिनाला जणूं उंच गिअर लादला गेला, म्हणून तें चढावर धापा टाकूं लागतें. पूर्वींचा जोम परत हवा असेल, तर ४.१० प्रमाणाच्या डिफरन्शियल गिअरांऐवजीं ४.८३ च्या आसपासचे, म्हणजे बाजारांत मिळणारे ४.८८ चे, घालावे लागतात. आणि ते मागें घातले तसे पुढेंहि घालावेच लागतात. नाहींतर चारी चाकें जोडतांच दोन अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढूं लागतील. ब्रेक मात्र जुन्या, हलक्या चाकांसाठींच केलेले असतात, आणि त्यांना कोणी विचारीत नाहीं.

पाटे उंच करण्याचेंहि तसेंच आहे. त्यानें चौकट उंचावते; अॅक्सलची पोकळ पेटी जमिनीपासून होती तितकीच राहते. उलट शाफ्टचे सांधे अधिक वांकतात. शाफ्टच्या दोन टोंकांचे कोन सारखे असले तरच एका सांध्याची गतीची चढउतार दुसरा सांधा नाहींशी करतो. कोन बिघडले कीं गाडी हादरूं लागते. ब्रेकची नळी तोकडी पडते, सुकाणूची दांडी तिरपी होते, आणि गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. डिझेल इंजिन घातलें तर पुढच्या पाट्यांवर जादा भार येतो. आणि पेट्रोल इंजिनांत आपोआप मिळणारी ओढ डिझेलमध्यें नसल्यामुळें त्या ओढीवर चालणाऱ्या ब्रेकच्या मदतनिसाला वेगळा पंप द्यावा लागतो. यंत्रांतला कोणताच भाग एकटा नसतो. एकाला दिलेलें दुसऱ्याकडून वसूल होतें. जमाखर्चाच्या वहींत एकच बाजू लिहिणारा व्यापारी जसा बुडतो, तसाच नुसती जमा पाहणारा हौशी बुडतो, आणि तो एकटाच बुडत नाहीं. सडकेवर दुसरींहि माणसें असतात.

म्हणूनच आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, कारखान्यानें दिलेलें मूळ वर्णन बदलेल असा फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि इंजिन किंवा इंधन बदलण्यास अटी घातल्या आहेत. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ कसोशीनेंच लावला. पॉवर वॅगन किंवा माझगांवची जीप ज्या मोकळिकीच्या काळांत घडत-बिघडत गेली, तो काळ आतां राहिलेला नाहीं, आणि वर सांगितलेला हिशेब पाहतां ही कसोशी अकारण आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु कायदा फेरफाराला बांध घालतो, दुरुस्तीला नव्हे. आणि खरी भीति दुरुस्तीचें ज्ञान नाहींसें होण्याची आहे. ताणकांट्यानें बेअरिंग मोजणारा, कानानें दांत्यांची झीज ओळखणारा कारागीर बहुधा आपली विद्या कागदावर लिहून ठेवीत नाहीं. तो गेला कीं त्याच्या हाताखालीं शिकलेल्या पोरापुरतीच ती उरते. पोरगा दुसऱ्या धंद्याला लागला तर तीहि उरत नाहीं.

क्लिंटनव्हिलचे दोन मेहुणे, तुंबा सोडविणारे वॉर्न, फोर्डचा अॅक्सल बदलणारे इंडियानापोलिसचे कारागीर आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या गांवीं जीपच्या खालीं चटईवर निजून काम करणारा मिस्त्री, हे सर्व एकाच परंपरेंतले आहेत. कांहींचीं नांवें पेटंटच्या कागदांत राहिलीं, बाकीच्यांचीं राहिलीं नाहींत, एवढाच काय तो फरक. जुना ट्रक जपूं इच्छिणाऱ्यानें नवा रंग देण्यापूर्वीं एक साधी वही करावी. कोणता भाग केव्हां बदलला, कोणत्या मापाचा घातला, कोणतें सील कां गेलें आणि कोणत्या मिस्त्र्यानें तें ओळखलें, हें तिच्यांत तारखेसह लिहावें. पन्नास वर्षांनीं त्या ट्रकखालीं जो कोणी निजेल, त्याला कारखान्याच्या पुस्तकाइतकीच ती वही उपयोगी पडेल, आणि तिच्यांत त्या मिस्त्र्याचें नांवहि त्याला वाचावयास मिळेल.